सूर-शंका : पोलिन व्हिआर्दोच्या घरचा ऑपेरा

मागच्या अंकात रशियन लेखक तुर्गेनेव्हबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की त्याच्या आयुष्यातली पोलिन व्हिआर्दो ही बाई स्वतः ऑपेराची मोठी गायिका होती आणि तिने ऑपेरा रचलेही होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा अंक तिलाच देते आहे. पत्रं लांबलचक होती, प्रश्नापुरती कापून घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापायची नाहीत ही आपली पद्धत आहेच.

प्रश्न : ही बाई तुर्गेनेव्हची प्रेयसी होती एवढंच आम्ही वाचलेलं. नवरा हयात असताना हे कसं काय चाललं? आणि ती मुळात होती कोण? — वाचक, सातारा

निम्म्या पत्रांत हाच प्रश्न आहे, म्हणून आधी हा उरकते. 1843 साली सेंट पीटर्सबर्गला इटालियन ऑपेराचा हंगाम होता. बावीस वर्षांची पोलिन रोसिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’मध्ये रोझिनाचं काम करत होती. या ऑपेरात रोझिनाच्या गाण्याच्या शिकवणीचा एक प्रवेश आहे आणि तिथे गायिकेने आपल्या पसंतीचं काहीही गावं, अशी त्या काळी मुभा असे. पोलिनने तिथे अल्याब्येवचं ‘बुलबुल’ हे रशियन गाणं चक्क रशियनमध्ये म्हटलं. झालं! लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. तिच्यावर लट्टू झालेल्या रसिकांत पंचविशीचा तुर्गेनेव्हही होता. तेव्हापासून तो जो तिच्या मागे लागला तो 1883 साली मरेपर्यंत.

नवरा लुई व्हिआर्दो तिच्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठा. पॅरिसच्या इटालियन थिएटरचा संचालक होता, ‘डॉन किहोते’ त्याने फ्रेंचमध्ये आणली होती, चित्रांचा जाणकार होता. तुर्गेनेव्ह आणि तो बरोबर शिकारीला जात, बरोबर बसून रशियन पुस्तकांची भाषांतरं करत. तुर्गेनेव्हची मुलगी व्हिआर्दोंच्या घरात वाढली. लुई आणि तुर्गेनेव्ह एकाच वर्षी, काही महिन्यांच्या अंतराने गेले. शेवटच्या आजारात तुर्गेनेव्हने आपली अखेरची गोष्ट सांगितली ती पोलिनला, आणि तिने ती उतरून घेतली. त्या दोघांत नेमकं काय होतं यावर पत्रं चाळून चाळून अभ्यासक अजून भांडतात. भांडोत बापडे. मला त्या प्रकरणातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते : तुर्गेनेव्ह हा पोलिन व्हिआर्दोच्या ऑपेरांचा संहितालेखक होता. आपल्याकडच्या लेखांत ती त्याच्या चरित्राच्या तळटीपेत सापडते. या अंकापुरतं आपण त्याला तिच्या तळटीपेत ठेवू.

प्रश्न : मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. घशात आरसा घालून स्वरयंत्र बघण्याची पद्धत गार्सिया नावाच्या गायकाने शोधली असं आम्हाला शिकवलं होतं. पोलिनचं माहेरचं नाव गार्सियाच दिसतं. काही नातं? — वाचक, कोल्हापूर

डॉक्टर, सख्खा भाऊ! मॅन्युएल गार्सिया तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा. गाण्याचा मास्तर. आपण ज्या कंठातून सूर काढून घेतो तो आत दिसतो तरी कसा, हे कोडं त्याला सुटत नव्हतं. 1854 साली त्याने दंतवैद्याचा लांब दांड्याचा इवलासा आरसा पडजिभेशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि गाताना उघडझाप करणाऱ्या आपल्याच स्वररज्जू बघितल्या. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. तो जगलाही 101 वर्षं. शंभरी लंडनमध्ये थाटात झाली, तेव्हा कौतुकाला गायकांइतकेच तुमचे डॉक्टर लोक हजर होते.

हे कुटुंबच तसं. वडील, तेही मॅन्युएल गार्सिया, सेव्हिलचे. रोसिनीने ‘बार्बर’मधला काउंट आल्माव्हिव्हा त्यांच्या गळ्यासाठी लिहिला आणि 1816 मध्ये रोमला त्यांनीच तो पहिल्यांदा गायला. ते स्वतःही ऑपेरा रचत. आई होआकिना सिचेस गायिका. थोरली बहीण मारिया मालिब्रान, तिच्या नावाने युरोप वेडा झाला होता. आपल्याकडे याला सरळ घराणं म्हटलं असतं : बापाकडून तालीम, मुलांनी ती पुढे वाढवलेली, आणि दोन पिढ्यांनंतरही ऐकणाऱ्याला ‘हा गार्सियांचा’ म्हणून ओळखू येईल असा गळा घडवण्याचा शिरस्ता.

1825 मध्ये बापाने सगळ्यांना घेऊन न्यूयॉर्क गाठलं. अमेरिकेत इटालियन ऑपेरा इटालियनमध्ये पहिल्यांदा रंगला तो या मंडळींनी केलेला. मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ची संहिता लिहिणारा लोरेन्झो दा पोन्ते तेव्हा म्हातारा होऊन न्यूयॉर्कमध्येच राहत होता. 1826 मध्ये त्याच्या डोळ्यांदेखत गार्सियांनी तो ऑपेरा उभा केला : बाप डॉन जोव्हानी, आई एल्व्हिरा, मारिया झेर्लिना. चार-पाच वर्षांची पोलिन तेव्हा घरात लुडबुडत असणार. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

तिथून मेक्सिको. परतताना व्हेराक्रूझच्या वाटेवर दरोडेखोरांनी गाठलं आणि साठवलेलं सोनंनाणं लुटून नेलं. लुटून झाल्यावर बापाला गायलाही लावलं म्हणतात! बोटीवर मात्र तालीम चुकली नाही. बाप तिथल्या तिथे छोटे छोटे पाठ लिहून देई आणि पोरगी ते गाई. मारियाला त्याने मारूनमुटकून शिकवलं अशा कहाण्या आहेत, पोलिनच्या वाट्याला तो हात आला नाही. 1832 मध्ये तो गेला तेव्हा ती अकराचीही नव्हती. तोवर तिची ओढ पियानोकडे होती. लिस्टकडे ती पियानो शिकली, आन्तोन राइशाकडे रचनाशास्त्र. लिस्ट आणि बेर्लिओझ दोघेही याच राइशाचे विद्यार्थी. पियानोवादक व्हायचं तिने ठरवूनच टाकलं होतं. पण 1836 मध्ये मारिया घोड्यावरून पडली, त्यानंतर काही महिन्यांत मँचेस्टरला अठ्ठाविसाव्या वर्षी वारली, आणि आईने धाकटीला सांगितलं की पियानो पुरे, आता तू गायचं.

तिला ते अजिबात आवडलं नव्हतं. तरी ती उभी राहिली. 1839 मध्ये लंडनला रोसिनीच्या ‘ओतेल्लो’त डेस्डेमोना म्हणून तिने ऑपेराच्या रंगमंचावर पाऊल ठेवलं, तेव्हा ती अठराचीही नव्हती.

प्रश्न : मी गाण्याचे वर्ग घेते. तिचा आवाज कसा होता, रियाज काय होता, आणि एवढी मोठी गायिका चाळिशीत रंगमंच का सोडून गेली? — वाचक, नाशिक

ध्वनिमुद्रण नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा. फ्रेंच रचनाकार सँ-साँसने लिहून ठेवलं आहे की तो आवाज मखमली नव्हता, स्फटिकासारखाही नव्हता, त्याला कडू संत्र्याची चव होती आणि तो शोकांतिकेसाठी घडला होता. पल्ला तीन सप्तकांच्या आसपासचा. त्यामुळे तिने खर्जातल्या भूमिकाही केल्या आणि तारसप्तकातल्याही : रोझिना, नॉर्मा, डब्लिनला व्हेर्दीची लेडी मॅकबेथ, बेथोव्हेनची लेओनोरे. मायरबेअरने ‘ल प्रोफेत’मधली फिदेस ही वृद्ध आई तिच्यासाठी लिहिली, 1849 मध्ये. सत्तावीस वर्षांची पोरगी सबंध ऑपेराभर आई होऊन गाते आणि नायक-नायिका बाजूला पडून पॅरिस त्या आईसाठी लोटतं! ही भूमिका घडत असताना मायरबेअर तिचा सल्ला घेत होता.

आवाज लवकर थकला याचं कारण यातच आहे. निसर्गतः मधल्या पट्टीतला गळा तिने दोन्ही टोकांना ओढला. तिला ते पक्कं ठाऊक होतं. ‘मी सगळंच गायला गेले आणि आवाज घालवून बसले, तुम्ही तसं करू नका’ अशा अर्थाचं ती शिष्यिणींना बजावत असे. 1863 मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी तिने पॅरिसच्या रंगमंचाचा निरोप घेतला आणि बिऱ्हाड जर्मनीत बाडेन-बाडेनला हलवलं. त्याला राजकारणही होतं. नवरा कट्टर प्रजासत्ताकवादी, फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनची बादशाही, त्यांचं जमणं शक्य नव्हतं.

तुम्ही वर्ग घेता म्हणून सांगते, तिचं ‘एक तासाचा अभ्यास’ या अर्थाच्या नावाचं स्त्रीकंठासाठीच्या पलट्यांचं पुस्तक आहे, ते जरूर मिळवा. त्यात आधी दोन सूर, मग तीन, मग चार अशी चढण आहे. कुठेही घाई नाही. वरच्या सुरांना हात घालण्याआधी मधले सूर पक्के करायचे, हा सगळा रोख. हल्ली स्पर्धेच्या फेरीसाठी मुलींची पट्टी ओढून वर नेणारे पालक माझ्याकडेही येतात. त्यांच्यापुढे मी हे पुस्तक उघडून ठेवते. उपयोग होतोच असं नाही. देझिरे आर्तो, मारिआने ब्रांट, आग्लाया ऑर्गेनी या तिच्या हाताखालून गेलेल्या गायिका. यातल्या आर्तोशी रशियन रचनाकार चायकोव्हस्कीचं लग्न ठरत आलं होतं, पण ते फिसकटलं.

प्रश्न : पोलिनने पुरुषपात्रही केल्याचं ऐकलं. आमच्या नाटकमंडळींत तर उलटं होतं. यावर थोडं लिहाल का? — वाचक, गिरगाव

ते पुरुषपात्र म्हणजे ग्लुकचा ऑर्फियस. साप चावून मेलेली बायको परत आणायला हा गवई पाताळात उतरतो, ती कथा. ग्लुकने 1762 मध्ये व्हिएन्नाला हा ऑपेरा केला तेव्हा ऑर्फियस लिहिला होता कास्त्रातोसाठी, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेल्या पुरुषगायकासाठी. 1774 मध्ये पॅरिसला आणताना त्याने तोच उंच पुरुषी आवाजासाठी बदलून घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कास्त्रातो इतिहासजमा झालेले आणि स्वरांची पट्टी वर सरकल्यामुळे पुरुषगायकांना ते झेपेना. तेव्हा बेर्लिओझने दोन्ही आवृत्त्या समोर ठेवून पोलिनच्या गळ्यासाठी तिसरी बांधली. 18 नोव्हेंबर 1859 ला पॅरिसच्या तेआत्र लिरिकमध्ये पहिला प्रयोग झाला आणि पुढच्या तीनेक वर्षांत त्याचे दीडशेच्या घरात प्रयोग झाले. ग्लुक जवळजवळ विस्मरणात गेला होता, त्याला या बाईने परत आणलं.

यात एक जागा अशी आहे की तिथे गायिका आणि रचनाकार एक होतात. पहिल्या अंकाच्या शेवटी ऑर्फियस पाताळात जायचं ठरवतो आणि एक झगझगीत गाणं गातो. त्या गाण्याच्या शेवटी गायकाने स्वतःची तानबाजी करायची रिकामी जागा असते, तिला कादेंझा म्हणतात. ती जागा बेर्लिओझ, सँ-साँस आणि पोलिन यांनी मिळून भरली. तळाच्या सुरांपासून वरपर्यंत जाऊन परत खाली येणारी ती तान म्हणजे तिच्या गळ्याचा नकाशा आहे. आवाज ऐकायला मिळत नाही, पण नकाशा कागदावर शिल्लक आहे. आजही अनेक गायिका ती तान तशीच घेतात. चार्ल्स डिकन्सने 1862 मध्ये हा ऑर्फियस पाहिला आणि रडून रडून चेहरा सुजलेल्या अवस्थेत त्याला तिच्यापुढे नेऊन उभं केलं गेलं.

तुमच्या ‘उलटं’बद्दल : बालगंधर्वांनी शालू नेसावा आणि पोलिनने ऑर्फियसचा अंगरखा चढवावा, दोन्हीकडे प्रेक्षक चालवून घेत होता कारण कान तृप्त होत होते. पण फरक मोठा आहे. आपल्याकडे बाईला रंगमंचच बंद होता, म्हणून पुरुषाने स्त्री व्हायचं. पोलिनला स्त्रीभूमिकांची ददात नव्हती, तिने पुरुषभूमिका जास्तीची घेतली. दोन्हींना एका मापाने मोजू नये.

प्रश्न : तिने ऑपेरा रचले म्हणता, मग पाश्चात्त्य संगीताच्या पुस्तकांत तिचं नाव रचनाकारांत का नसतं? — वाचक, पुणे

आता मुद्द्याचं विचारलंत.

बाडेन-बाडेनला तिच्याकडे ठिकठिकाणच्या मुली शिकायला येत. कुणाचा गळा तयार, कुणाचा अर्धाकच्चा, स्वतःच्या मुली त्यातच. गाणं नुसतं पलट्यांनी येत नाही, भूमिकेत उभं राहून गावं लागतं. पण तयार ऑपेरांतल्या नायिका म्हणजे मुरलेल्या गळ्यांचं काम. विशीच्या पोरीला त्यात ढकललं की तिचाही आवाज जाणार. मग शिकवणाऱ्या बाईने करावं काय? तिने या मुलींना बसतील असे ऑपेरा स्वतःच रचले. तुर्गेनेव्ह शेजारीच राहायला आला होता, त्याला फ्रेंचमध्ये संहिता लिहायला बसवलं. 1867 आणि 1868 मध्ये एकामागून एक तयार झाले : ‘बायकाच बायका’, ‘शेवटचा जादूगार’, ‘राक्षस’ अशा अर्थाच्या नावांचे. वाद्यवृंद नाही, पियानो एक आणि त्यावर स्वतः पोलिन. पुरुषभूमिका मोजक्या, कारण शिष्यवर्गात मुलीच जास्त. त्यातला एखादा पुरुष तुर्गेनेव्हने उभा करायचा.

एवढा मोठा लेखक घरच्या नाटकात पाशा होऊन जमिनीवर लोळायचा! समोर प्रेक्षकांत प्रशियाचं राजघराणं. एका प्रयोगात युवराज्ञीच्या ओठांवरचं थंड हसू त्याला दिसलं आणि आतून काहीतरी हललं, असं त्याने एका मित्राला लिहिलं आहे. हे वाचून मला त्याच्याबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

‘शेवटचा जादूगार’ची गोष्ट सांगते. क्राकामिश नावाच्या जादूगाराने वनपऱ्यांच्या रानात घुसून वाडा बांधला. आता म्हातारा झालाय, जादू ओसरलीय, वाड्याची झोपडी झालीय. पर्लिम्पिंपिन हा त्याचा नोकर एकेकाळी अगडबंब राक्षस होता, तो आकसून आकसून एवढासा राहिलाय. पऱ्या दोघांची मनसोक्त खोड काढतात. जादूगाराची मुलगी स्तेल्ला आणि राजपुत्र लेलिओ यांचं जुळतं, लेलिओही बाईनेच गायचा. शेवटी म्हातारा रान सोडून जातो आणि पऱ्यांचं रान पऱ्यांना परत मिळतं. सत्ता ओसरलेल्या या म्हाताऱ्यात लोकांना तिसरा नेपोलियन दिसला, यात नवल नाही.

क्लारा शूमान ही पोलिनची जुनी मैत्रीण, स्वतः पहिल्या प्रतीची पियानोवादक आणि रचनाकार. तिने हे घरचे प्रयोग पाहून रचनाकार ब्राम्सला पत्र लिहिलं. रचना किती नेटकी, किती हलकी, याचं कौतुक तर आहेच, पण तिला थक्क केलं ते निराळ्याच गोष्टीने : हे सगळं धड उतरवलेलंही नाही, बाई सुट्या चिठोऱ्यांवरून वाजवते! वाद्यवृंद नसताना तो ऐकू आल्यासारखं वाटावं, असं वाजवते.

त्या चिठोऱ्यांतच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. जे छापलं जात नाही ते इतिहासात जात नाही. लिस्टच्या खटपटीने 1869 मध्ये ‘जादूगार’ जर्मनीतल्या वायमारच्या राजथिएटरात झाला, एडुआर्ड लासेनने त्यासाठी वाद्यवृंदाचा मेळ लिहून दिला. दरबाराने वाहवा केली, काही समीक्षकांनी नाकं मुरडली, तुर्गेनेव्हने पीटर्सबर्गच्या वर्तमानपत्रात लेख लिहून तिची बाजू घेतली. पण स्वरलेखन तिच्या हयातीत छापून निघालं नाही. पुढे हस्तलिखित हार्वर्डच्या ग्रंथालयात पोचलं आणि पहिलं पूर्ण ध्वनिमुद्रण निघालं 2019 मध्ये. दीडशे वर्षं गेली.

तेव्हा ‘बाई म्हणून डावललं’ हे खरं असलं तरी अपुरं आहे. लिस्टसारख्या माणसाने 1859 मध्येच छापील लेखात म्हटलं होतं की प्रतिभावंत स्त्री-रचनाकार अखेर जगाला मिळाली आहे. कमी पडलं ते तिचंच मागणं. आपल्या रचनांना ती शिकवण्याचं सामान समजत होती. मला विचाराल तर तिच्या संगीताचा गुणही तिथूनच येतो. स्वर कुठे ठेवला म्हणजे गाणारीला श्वास पुरेल, कुठली ओळ थकलेल्या गळ्यालाही पेलेल, हे त्यात ओळीओळीला दिसतं. आपल्या संगीत नाटकाला गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमान’च्या आणि भास्करबुवांनी ‘स्वयंवर’च्या चाली दिल्या, तेव्हा समोर गाणारा कोण हे त्यांना ठाऊक होतं. हे तसलंच शहाणपण. मात्र त्या चाली तिकीट काढून आलेल्या हजारोंनी ऐकल्या, पोलिनच्या ऐकल्या निमंत्रितांनी.

1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने बाडेन सुटलं. तिथून लंडन, तिथून पुन्हा पॅरिस. तिथल्या कॉन्झर्व्हातवारमध्ये, म्हणजे सरकारी संगीतविद्यालयात, तिने काही वर्षं शिकवलं. घरी दर गुरुवारी मैफल, दिवाणखान्यात काव्हाये-कोलने बांधलेला ऑर्गन. तरुण रचनाकार तिथे पायरीला लागत. गुनोचा पहिला ऑपेरा ‘साफो’ 1851 मध्ये रंगमंचावर आला तो हिने ‘मी गाईन’ असा शब्द दिला म्हणून. सँ-साँसचा ‘साम्सों ए दालिला’ तिलाच अर्पण केलेला आहे. 1874 मध्ये त्याचा दुसरा अंक खासगीत करून दाखवला तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या पोलिनने दालिला गायली. ब्राम्सची ‘आल्टो ऱ्हॅप्सडी’ 1870 मध्ये येनाला प्रथम गायली तीही हिनेच.

आणि 1904 मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, ‘सांद्रियों’. म्हणजे सिंड्रेला. संहिताही स्वतःचीच. सात गायक आणि एक पियानो. यात सावत्र आई नाही, बाप आहे : एके काळचा किराणा दुकानदार, आता सरदार बनलेला. दुकानाचा माल वाहायच्या जुन्या गाडीसारखी गाडी रस्त्यात दिसते आणि त्याला आपले दुकानाचे दिवस आठवून गाणं सुचतं! परी मेजवानीत पाहुणी म्हणून येते आणि गाऊन जाते. राजपुत्र पहिल्यांदा दारात येतो तो भिकाऱ्याच्या वेषात. सगळं मिळून तासा-सव्वातासाचं काम, घरातल्या एका खोलीत होईल असं. माझ्या एका विद्यार्थिनीला मी त्यातलं सिंड्रेलाचं सुरुवातीचं गाणं शिकवलं, ‘फार पूर्वी एक राजपुत्र होता’ असं सुरू होणारं. चाल इतकी साधी की पोर म्हणाली, ‘मॅडम, यात काहीच नाही.’ चौथ्या दिवशी ती केरसुणी घेऊन ते म्हणायला लागली आणि तिला कळलं की शब्द टाकायला, थांबायला, वळायला जागा मुद्दाम सोडून ठेवली आहे. तान घातली असती तर केर काढता आला नसता.

प्रश्न : दागिने विकून तिने मोझार्टचं हस्तलिखित घेतलं ही दंतकथा की खरं? — वाचक, नागपूर

खरं. 1855 मध्ये लंडनला ‘डॉन जोव्हानी’ची मोझार्टच्या हातची प्रत विक्रीला आली होती. बड्या ग्रंथालयांनी हात आखडता घेतला. पोलिनने दागिने मोडून ती घेतली, किंमत 180 पौंड. न्यूयॉर्कमध्ये बाप-आई-बहीण तिघांनी मिळून रंगवलेला, संहितालेखक पाहायला हजर असलेला तो ऑपेरा. त्यावर दागिने ओवाळून टाकताना तिला फार विचार करावा लागला असेल असं वाटत नाही.

तिने त्या पानांसाठी खास लाकडी पेटी करवून घेतली. रोसिनी बघायला आला आणि गुडघे टेकले. चायकोव्हस्की 1886 मध्ये आला, ती पानं तासन्‌तास चाळली आणि साक्षात देवाचं दर्शन झाल्याची भावना त्याने लिहून ठेवली. 1892 मध्ये तिने ते हस्तलिखित पॅरिसच्या कॉन्झर्व्हातवारला देऊन टाकलं. आज ते फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. दुसऱ्याचं हस्तलिखित पेटीत आणि स्वतःचे ऑपेरा चिठोऱ्यांवर!

प्रश्न : आमची मुलगी इथे पियानो शिकते, मी थोडं नाट्यसंगीत गाते. दोघींना मिळून काही करता येईल? ऐकायला कुठून सुरुवात करू? — वाचक, न्यू जर्सी

तुमच्यासाठी तर तयार ताटच आहे. पोलिश पियानोवादक-रचनाकार शोपँ तिचा मित्र होता. दोघं मिळून पियानो वाजवत. 1849 मध्ये त्याच्या अंत्यविधीत मादलेन चर्चमध्ये मोझार्टच्या ‘रेक्विएम’मध्ये, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतात, ती गायली. त्याच्या पियानोवरच्या माझुर्का, म्हणजे पोलिश नाचाच्या तालातल्या छोट्या रचना, घेऊन तिने त्यांना शब्द बसवून गाणी केली. शोपँला ती गाणी माहीत होती. यातलं ‘माझ्यावर प्रेम कर’ या अर्थाचं गाणं घ्या. मूळ आहे ओपस 33 (ओपस म्हणजे रचनासंचाचा क्रमांक) मधली दुसरी माझुर्का. मुलीने आधी मूळ माझुर्का वाजवावी, मग तुम्ही दोघींनी गाणं ऐकावं. पियानोवर बोटं जिथे सहज उडी मारतात तिथे गळ्यासाठी तिने काय केलं, कुठे घसरत नेलं, कुठे मुरकी घातली, हे तुमच्या नाट्यसंगीताच्या कानाला लगेच कळेल. ओपस 7 मधल्या पहिल्या माझुर्केचंही असंच गाणं आहे, ते जरा नखरेल आहे.

त्यानंतर पुश्किन आणि फेत या रशियन कवींच्या कवितांना तिने दिलेल्या चाली ऐका. त्या मूळ रशियनमध्येच गाव्यात अशा आहेत. मग ‘सांद्रियों’ एका बैठकीत. ‘शेवटचा जादूगार’ सगळ्यात शेवटी आणि गोष्ट आधी मुलीला सांगून, नाहीतर पर्लिम्पिंपिनची गंमत हुकेल. फ्रान्सला गेलात तर पॅरिसजवळ बूझिव्हालला व्हिआर्दोंचं घर आणि त्याच आवारात वरच्या अंगाला तुर्गेनेव्हचा बंगला आहे. बंगल्यात संग्रहालय आहे. तिथे पाट्यांवर तुर्गेनेव्हच जास्त, हे सांगून ठेवते.

पुढच्या अंकासाठी फ्रांचेस्का काच्चिनीबद्दल दोन पत्रं आली आहेत. 1625 मध्ये फ्लॉरेन्सला तिचा ऑपेरा झाला होता. आणखी कुणाला तिच्याविषयी काही विचारायचं असेल तर महिनाअखेरपर्यंत कळवा.